उष्टावणाआधी

माझी मुलगी सांभाळायला जी बाई तयार असायची तिचा मला राग यायचा. जी तयार नसायची तिचा तर जास्तच यायचा. बाळंतपणाची रजा संपत आली होती, पोरगी सहा महिन्यांची व्हायला टेकली होती, आणि मला असं पाळणाघर हवं होतं जिथे ती सुखरूप राहील, वेळेवर दूध पिईल, वेळेवर झोपेल आणि तिथल्या कुणाशीही तिची गट्टी जमणार नाही. असं पाळणाघर अमरावतीत मिळत नव्हतं. नवरा म्हणायचा, अमेरिकेतही मिळणार नाही.

मी अकोल्याला एका बियाण्याच्या कंपनीत काम करते, प्रयोगशाळेत. पिशवी शेतकऱ्याच्या हातात पडण्याआधी त्यातलं बी उगवतं की नाही हे आम्ही तपासतो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत दाणे ठेवायचे, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उघडून कोंब मोजायचे आणि लॉट पास की नापास ते लिहून मोकळं व्हायचं. राहायला मात्र आम्ही अमरावतीत, साईनगरात, कारण नवरा इथल्या ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. म्हणजे माझं रोजचं अप-डाऊन. सकाळी बडनेऱ्याहून रेल्वेगाडी, संध्याकाळी परत. गाडीत आमचा बायकांचा कंपू आहे. वाटाणे सोलता सोलता, कुणाच्या तरी सासूची उणीदुणी काढता काढता अकोला येतं. रजेत मला त्या गाडीची फार आठवण यायची, हेही सांगून टाकते.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण तेल्हाऱ्याला माहेरी व्हायचं ते चांदूर बाजारला सासरी झालं, आणि ते सासूबाईंनी केलं. कुणी नावं ठेवू नयेत असं केलं. डिंकाचे लाडू, शेक, धुरी, सगळं. पोरीला त्या पाय लांब करून पायांवर घ्यायच्या, तेल चोळायच्या, कढत पाण्यानं न्हाऊ घालायच्या. माझ्या मांडीवर किरकिर करणारी पोरगी त्यांच्या पायांवर डोळे मिटून पडायची. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, आजीचा हात ओळखते पहा. मी खाटेवर बसून लाडू खात हसायचे आणि आत नुसता जळफळाट व्हायचा. तीन महिने मी पोरीला जन्म देणारी बाई होते. बाकी सगळं त्याच होत्या.

आम्ही अमरावतीला परतलो तरी दर रविवारी चांदूर बाजारला जाणं व्हायचंच. अशाच एका रविवारी पाळणाघराचा विषय निघाला. सासूबाई अंगणात संत्री निवडत होत्या, बारकी वेगळी, मोठी वेगळी. हात न थांबवता म्हणाल्या, "काहून पाळणाघराच्या मागं लागून राहिले तुमी? पोट्टी माह्याजवळ ठेवा. शनिवारी या, रविवारी जा. अथी अंगण हाय, गाय हाय, मी आहो."

नवऱ्याच्या तोंडावर उजेड पडला. त्याच्या दृष्टीनं सुंठीवाचून खोकला गेला होता. मला मात्र पुढचं सगळं दिसत होतं. महिनाभरात पोरगी त्यांच्या कडेवरून माझ्याकडे बघेल, शनिवारची पाहुणी आली म्हणून. मी हात पुढे करीन आणि ती त्यांच्या मानेत तोंड खुपसेल. दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात. असू दे, साय खायची तर खा. पण यांना पातेलंच उचलून न्यायचं होतं.

"पाहू," मी म्हटलं. "अमरावतीत चांगलं पाळणाघर मिळतं का, आधी ते तर पाहू."

सासूबाईंनी एक संत्रं उचलून नीट पाहिलं आणि बारक्यांत टाकलं. "पाहा ना. उष्टावणाले मी येतोच आहो. तवरोक भेटलं तं भेटलं. नाही तं पोट्टीले मी घेऊन जातो." उष्टावण होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मला कामावर रुजू व्हायचं होतं. निघताना त्यांनी आणखी एक बजावलं. "अन् तवरोक तिच्या तोंडात काही घालजो नको. पयला घास मामाच्याच हातचा पाह्यजे."

हे मी ऐकलं. मी सहसा कुणाचं ऐकत नाही, पण हे ऐकलं. पोरगी माझ्या ताटावर झेप घ्यायची, माझा घास तोंडापर्यंत जाईस्तोवर त्याच्याकडे टक लावून पाहायची आणि स्वतःचेच ओठ हलवायची. किती वेळा वाटलं, बोटाला वरण लावून चाटवावं. बोट वाटीत घालून परत पुसलं मी. माझा भाऊ चांदीची वाटी घेऊन येणार, त्याच्या मांडीवर बसून ती पहिला घास घेणार, तो क्षण नासायला नको म्हणून.

तर पाळणाघरं. पहिलं राजापेठेजवळ होतं, वरच्या मजल्यावर. एसी, भिंतींवर ससे आणि हत्ती, आणि कॅमेरे. दिवसभर मोबाईलवर लेकरू बघता येईल म्हणाले. तिथली एक कोवळी मुलगी पुढे आली, तिनं नुसते हात पसरले आणि माझी पोरगी गेली. गेली म्हणजे उडीच मारली. तिच्या ओढणीशी खेळायला लागली. मी फी विचारली, वेळ विचारली, आणि खाली उतरल्यावर नवऱ्याला म्हटलं, "जिना किती उभा आहे पाहिला? मला नाही पटलं." नापास.

दुसरं गाडगेनगरात, एका रिटायर्ड बाईंच्या घरी. त्या आणि त्यांचे यजमान मिळून चार लेकरं सांभाळत. घर लख्ख होतं, दारात जास्वंद, आत स्वयंपाकाचा वास. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा नाकावर पाडला आणि पोरगी खदाखदा हसली. असं हसणं मी सहा महिन्यांत फार तर दोनदा कमावलं होतं, तेही घामाघूम होऊन. या माणसानं चष्म्यावर काम भागवलं. घराला एक कुत्रं होतं. म्हातारं, दात पडलेलं, पायपुसण्यावर झोपलेलं. मी त्या कुत्र्याचं नाव पुढं केलं. नापास.

तिसरं कठोरा नाक्याकडे. खोलीत ट्यूबलाईट लुकलुकत होती, फिनाइलचा वास नाकात चढत होता, टीव्हीवर मोठ्यानं सिरियल चालू होती, आणि ते घर चालवणारी बाई आमच्याशी बोलतानाही टीव्हीकडेच पाहत होती. तिनं पोरीला घेतलं मात्र, पोरीनं टाहो फोडला. काळीनिळी झाली. मी तिला परत घेतलं तर माझ्या गळ्याला अशी मिठी मारून बसली की निघेना. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "हे ठीक आहे. बाई साधी आहे."

नवऱ्यानं गाडीची किल्ली खिशातून काढली आणि लावलीच नाही. माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुले पाळणाघर पाह्यजेच नाही. तुले पोट्टी रडून राहिलेली पाह्यजे."

मी म्हटलं, "काहीही बोलू नका."

"एसीवालं नको, कारण जिना. म्हातारा-म्हातारी नको, कारण बिनदाताचं कुत्रं. अन् हे अंधारकोठडी तुले ठीक वाटते? अथी मी माह्या पोरीची चप्पल बी ठेवणार नाही. सरळ सांग, आईपाशी पाठवतो."

रस्त्यात, लोकांच्या देखत, माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला. तो बरोबर बोलत होता हे कळत होतं. पण त्याचं काय जात होतं? त्याला पोरगी बाबा म्हणून ओळखतच होती, दिवसातून तासभर उंच उडवलं की त्याचं भागायचं. त्याच्याशी कुणाची स्पर्धाच नव्हती.

चौथं पाळणाघर आमच्याच साईनगरात निघालं, दोन गल्ल्या सोडून. आमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईनं सांगितलं. गेलो तर दार उघडंच. गाऊनवर ओढणी घेतलेली, अंगानं भरलेली, पन्नाशीची एक बाई जमिनीवर बसून एका पोराची नखं कापत होती. बाकीची लेकरं सतरंजीवर डबे वाजवत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बसा. ठेवा तिले खाली." हात पुढं केले नाहीत, चुटक्या वाजवल्या नाहीत, ये गं माझी सोनी नाही, काही नाही. नखं कापणं चालूच. पोरीला मी सतरंजीवर ठेवलं. ती रडली नाही, हसली नाही. एक डबा ओढून घेतला आणि चाटायला लागली.

मला ती बाई आवडली. जिला माझ्या पोरीची एवढीही ओढ नाही तिच्याकडे ठेवायला काय हरकत आहे! सगळी लेकरं तिला काकू म्हणत, म्हणून आम्हीही काकूच म्हणायला लागलो. ठरलं असं की उष्टावणाच्या आधीच्या आठवड्यात पोरीला रोज थोडा थोडा वेळ ठेवून पाहायचं आणि जमलं तर पुढच्या सोमवारपासून, मी रुजू होईन त्या दिवसापासून, पूर्ण दिवस.

सोमवारी तासभर ठेवलं. परत आणली तेव्हा तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास. आमच्या घरात खोबरेल नाही, तिळाचं तेल असतं. मी तिचं डोकं धुतलं. मंगळवारी ती झोपून गेली होती. माझ्या ओढणीशिवाय न झोपणारी पोरगी फरशीवर गोधडी टाकून दिली तर पंख्याखाली पसरून झोपली होती. बुधवारी मी घ्यायला गेले तर काकू दुसऱ्या लेकराला घेऊन आत चालल्या होत्या, आणि पोरगी सतरंजीवरून त्यांच्या पाठीकडे पाहत होती. मी समोर उभी होते. एक क्षण गेला, मग तिला मी दिसले. एकच क्षण. पण मला तो घरी आल्यावरही टोचत राहिला, आणि मी भांडी आपटली.

गुरुवारी मला बडनेऱ्याला जाऊन गाडीचा महिन्याचा पास काढायचा होता. जास्तीचं दूध बाटलीत काढून दिलं आणि पोरीला सोडून निघाले. पासाला गर्दी होती. काम झाल्यावर लगेच परतायचं सोडून मी परतीच्या वाटेवर एका हातगाडीशी थांबले आणि गिला वडा घेतला. दही, चिंचेची चटणी, वरून शेव. किती महिन्यांनी कडेवर कुणीही नसताना दोन्ही हातांनी खाल्लं असेल! दुसरी प्लेटही घेतली. फोन पर्समध्ये तळाशी वाजत होता ते मला कळलं नाही.

काकूंच्या दारात पोहोचले तेव्हा लेकरांची जेवणं चालली होती. सगळी ओळीत बसलेली, आणि ओळीच्या शेवटी काकूंच्या मांडीवर माझी पोरगी. काकूंच्या हातात वाटी, त्यांच्या बोटांवर कालवलेला वरणभात. पोरीनं आ केला, बोटं आत गेली, पोरीनं गिळलं आणि पुन्हा आ केला. हनुवटीवरून पिवळं वरण ओघळत होतं. मला पाहून ती त्या वरणाच्या तोंडानं हसली.

"उष्टावण व्हायचं आहे तिचं," मी म्हटलं. "रविवारी. तिचा मामा येणार आहे."

काकूंनी हात तोंडावर नेला, वरणाचा, तसाच. "माय व! तुमी सांगाले पाह्यजे होतं ना बाई. सा महिन्याचं लेकरू, मले वाटलं खात असन. दूध संपलं, तुमाले फोन केला, तुमी उचलून नाही राहिल्या. उपाशी ठेवू का तिले?" मग त्यांना राहवलं नाही, पुढे म्हणाल्या, "पण खाल्लं कसं माहिताय? येवढी वाटी! लेकरू मोठं गुणाचं हाय तुमचं."

माझं लेकरू गुणाचं आहे हे मला ती बाई सांगत होती. मी पोरीला उचललं आणि ओढणीच्या पदरानं तिची हनुवटी पुसली, इतकी जोरात की ती रडायला लागली. चार दिवसांत त्या घरात ती एकदाही रडली नव्हती. रडली ती माझ्यामुळे.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. माझा तिळपापड झाला होता. मी ज्या घासासाठी महिनाभर बोट वाटीतून परत काढलं, तो घास कुणा भलत्या बाईनं, नखं कापतात त्या हातांनी, डब्यांच्या गोंगाटात देऊन टाकला. आणि ती पोरगी! तिला काही वाटायला नको? एवढा आ करायची काय गरज होती?

नवऱ्यानं पोरीला माझ्याकडून घेतलं. मग म्हणाला, "बाई वाईट हाय का?"

"नाही."

"पोट्टी उपाशी रायली असती तं चाललं असतं तुले?"

"मला हेच तर नाही चालत," मी म्हटलं, "की ती उपाशी राहत नाही." आता हे वाक्य आठवलं की हसू येतं, तेव्हा नाही आलं. मी जाहीर केलं की शुक्रवारपासून पोरगी तिथे जाणार नाही. मग कुठे जाणार, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. उत्तर दोघांनाही माहीत होतं, आणि ते शनिवारच्या एसटीनं येणार होतं.

सासूबाई शनिवारी संध्याकाळी आल्या. पोरगी चार दिवस काकूंकडे जाऊन आली हे नवऱ्यानं त्यांना आधीच फोनवर सांगितलं होतं, घासाचं तेवढं सोडून. सोबत संत्री, मेथी, तूप आणि एक मोठी थैली. थैलीतून सगळं काढून झालं तरी त्यांनी ती घडी करून ठेवली नाही. पोरीच्या कपड्यांच्या कपाटाजवळ भिंतीला टेकवून उभी केली, रिकामी. मी येता-जाता त्या थैलीकडे पाहत होते. पोरगी त्यांच्या मांडीवर चढून त्यांच्या मंगळसूत्राच्या वाट्या तोंडात घालत होती.

रविवारी भाऊ तेल्हाऱ्याहून आला, कापसाची वेचणी सोडून, नवा शर्ट घालून, चांदीची वाटी आणि चमचा घेऊन. शेजारचे आले, नवऱ्याच्या कॉलेजातले दोघं-तिघं आले. पाट, रांगोळी, औक्षण, सगळं रीतसर. पोरगी मामाच्या मांडीवर. वाटीत तांदळाची खीर. नवऱ्यानं मोबाईल धरला. चमचा अजून हातभर लांब होता तोच पोरीनं आ केला आणि पुढे झेपावून चमचाच धरला. घास गडप. दुसरा गडप. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ एवढा खूश झाला की म्हणाला, "पाहा, मामाच्या हाताले चव हाय!"

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. त्या पुढे वाकून पोरीच्या तोंडाकडे पाहत होत्या. "हे लेकरू पयला घास नाही खाऊन राहिलं. पयल्या घासाले लेकरू तोंड वाकडं करते, बाहेर काढते. हे तं गिळून राहिलं. कोनं देलं हिले आधी?"

नवरा मोबाईलच्या पडद्यातच पाहत राहिला. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काहीच कठीण नव्हतं. पाळणाघराच्या बाईनं दिलं, एवढं म्हणायचं. ते खरंही होतं. मग सासूबाई म्हणणार, पाहा, म्हणूनच सांगत होतो, परक्याच्या हाती लेकरू असंच असते. मग कपाट उघडणार, झबली, टोपरी, दुपटी सगळी त्या थैलीत. सोमवारी गाडीतून उतरून मी घरी येईन तेव्हा घरात पोरगी नसेल. मंगळवारीही नसेल.

"मी दिलं," मी म्हटलं. "मीच. राहवलं नाही."

भावाचा चमचा हवेतच राहिला. "ताई, मले तरी सांगाचं होतं," तो म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं. कुणीतरी हसून, आईचं मन आहे, असं म्हणून ते सावरून घेतलं, पुन्हा टाळ्या झाल्या, फोटो झाले. भावाला वाईट वाटलं याचं मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर बोलताना मला गोड वाटलं होतं. मी दिलं. एवढ्या लोकांत, सासूच्या समोर, तो घास मी माझ्या नावावर करून घेतला. काकू कुठे तक्रार करायला येणार होत्या!

जेवणं उरकल्यावर मी ओट्याशी उभी होते. सासूबाई आत आल्या, दार लोटलं, आणि पाण्याचा नळ बंद केला.

"खोटं काहून बोलली?"

"कसलं खोटं, आई?"

"तू नाही देलं. मी देलं." त्यांनी पदरानं हात पुसले. "मागच्या महिन्यात, तुमी चांदूरले आले होते तवा. तू न्हायले गेली होती. वरणाचं पाणी देलं बोटानं. मंग पुढच्या रविवारी खिचडीची दोन शितं. कसी टुकूटुकू पाहे माह्या ताटाकडं! जीव नाही रायला माहा."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. पहिला घास मामाच्याच हातचा पाहिजे, असं मला बजावणारी बाई! मी मूर्खासारखी बोट पुसत बसले होते आणि त्यांनी, मी आंघोळीला गेल्याबरोबर. म्हणजे काकूही पहिल्या नव्हत्या. सगळ्यांचा आपापला घास देऊन झाला होता. या घरात नियम पाळणारी एकटी मीच निघाले.

"मग सगळ्यांसमोर विचारलं कशाला?" मी म्हटलं. "माहीत होतं ना तुम्हाला."

"माह्याजवळ चाटे. आज घास घेऊन राहिली, म्हंजे तिकडं बी देलं कोनं तरी. मले पाहाचं होतं तू त्या बाईचं नाव घेते का." त्या सरळ बोलत होत्या, लाज नाही, लपवाछपवी नाही. "घेतलं असतं तं मी आजच थैली भरली असती. पण तू तिले पाठीशी घातलं. म्हंजे पोट्टी तिच्याजवळच ठेवाची ठरवली तुनं."

मी तोवर काहीच ठरवलं नव्हतं. त्यांनी म्हटल्यावर कळलं की ठरवून बसले आहे. मी मान हलवली.

सासूबाईंनी ओट्यावरचं फडकं उचललं. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "माह्यापेक्षा थे बाई बरी वाटली तुले?"

एवढी वर्षं मी त्या बाईंना चिडलेलं पाहिलं होतं, हुकूम सोडताना पाहिलं होतं. असं विचारताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या पोटात जे रोज जळायचं तेच त्यांच्या तोंडावर होतं, आणि मला ते पाहून आनंद झाला नाही. पण मी खोटंही बोलले नाही. म्हटलं, "त्या बाईचा कितीही जीव लागला तरी ती पोरगी मागणार नाही, आई. तुम्ही मागाल."

"हाव," त्या म्हणाल्या. "मांगतोच." आणि भांडी पुसायला घेतली.

दुपार कलली, लोक गेले. भाऊ निघताना मी त्याच्या डब्यात पुरणपोळ्या जरा जास्तच भरल्या. पोरगी दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर फिरली होती. मामानं भरवलं, शेजारच्या काकांनी भरवलं, मावशींनी भरवलं, नवऱ्याच्या कॉलेजातल्या एका सरांनीसुद्धा हौसेनं चमचाभर दिलं. मी वाढण्यात होते. माझा हात अजून तिच्या तोंडाला लागलाच नव्हता. मी उरलेली खीर वाटीत घेतली, पोरीला नवऱ्याच्या खांद्यावरून उचललं आणि आतल्या खोलीत पलंगावर बसले. चमचा ओठांना लावला. तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूनं लावला, तिनं पुन्हा फिरवलं आणि ओठ घट्ट मिटले. "एकच घे ना," मी म्हटलं. "माझ्या हातचा एक." ती जांभई देत होती.

दारात सासूबाई उभ्या होत्या. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. "पोट भरलं तिचं," त्या म्हणाल्या, हळू, जिंकल्याच्या आवाजात नाही. "उद्या सकायी दे. गाडीच्या आधी."

मी हो म्हटलं. त्यांना काय माहीत, माझ्या गाडीच्या वेळेला पोरगी गाढ झोपेत असते.

सोमवारी मी मऊ भात केला, त्यावर वरण घातलं, तूप घातलं, आणि पोरीला झोपेतून उठवलं. तिनं भोकाड पसरलं. सासूबाई अंथरुणात उठून बसल्या, नवरा डोळे चोळत आला.

"झोपू दे ना तिले," तो म्हणाला. "उठली की काकू भरवतील."

म्हणूनच उठवलं होतं.